कॅप्टनबाईंना विचारा: वाट चुकते ती जमिनीवर

गेल्या अंकात हवेतल्या हेलकाव्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं मात्र बहुतेक जमिनीवरची निघाली. विमान टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालताना, का थांबतं, उलटंसुलटं का वळतं, पायलटला रस्ता ठाऊक नसतो का. तेव्हा या वेळी विमान गेटपासून धावपट्टीपर्यंतच न्यायचं.

प्रश्न: परदेशी मुलीकडे जाताना मधल्या एका विमानतळावरून रात्री निघालो. विमान टॅक्सी करता करता मध्येच थांबलं. बराच वेळ काही हालचाल नाही. मग पिवळे दिवे लावलेली एक गाडी पुढे आली आणि आमचं विमान तिच्या मागोमाग निघालं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पायलट वाट चुकलाय." एवढं शिकलेला माणूस जमिनीवर वाट कसा चुकतो हो? — सौ. देशपांडे, सांगली

शेजारच्या गृहस्थांना सांगा, तो पायलट चुकला नव्हता. आपण नक्की कुठे आहोत याची शंका आली म्हणून तो थांबला आणि त्याने गाडी मागवली. त्या गाडीला आम्ही 'फॉलो-मी' म्हणतो. ज्यांना शंका आली नाही, त्यांच्या गोष्टी अपघातांच्या अहवालांत वाचायला मिळतात.

तुम्हाला खिडकीतून बाजूचं दिसतं, आम्हाला समोरचं. पण पावसाळी रात्री समोर असतं काय, तर ओलं डांबर आणि त्यावर दिवे कमी, प्रतिबिंबं जास्त. टॅक्सीवे म्हणजे धावपट्टीकडे नेणारा रस्ता. त्याच्या कडेचे दिवे निळे, मधल्या रेषेचे हिरवे, धावपट्टीच्या कडेचे पांढरे. पाट्या जमिनीलगत बुटक्या, आणि आम्ही बसलेले उंचावर. काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही इथे आहात. पिवळ्यावर काळं अक्षर आणि बाण म्हणजे इकडे वळलात तर तिथे जाल. लालवर पांढरं म्हणजे पुढे धावपट्टी आहे, परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. ही भाषा जगभर सारखी. विमानतळ मात्र एकासारखा दुसरा नसतो.

मुंबईत दोन धावपट्ट्या, एकमेकींना छेदणाऱ्या: ०९-२७ आणि १४-३२ (दोन टोकांचे दोन आकडे). तिथे वर्षानुवर्षं चाकं फिरवल्यावर पुढचं वळण पाटी यायच्या आधीच डोक्यात आलेलं असतं. परक्या ठिकाणी तसं नसतं. कॅप्टनच्या डाव्या हाताशी टिलर, म्हणजे पुढचं चाक वळवायचं छोटं स्टिअरिंग. शेजारी फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, पुढे विमानतळाचा नकाशा. एटीसी, म्हणजे विमानांना वाट सांगणारं नियंत्रण, टॅक्सीवेंची नावं घेत एका दमात सांगतं की अल्फाने (ए) जा, लिमावर (एल) डावीकडे, पुढे नोव्हेंबर (एन), धावपट्टीच्या अलीकडे थांबा. अमेरिकेतल्या एका मोठ्या विमानतळावर तर कंट्रोलर संध्याकाळच्या कोळणीने भाव सांगावा तसा बोलतो, एकदा, घाईत, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. फर्स्ट ऑफिसर पेन्सिलने टिपून घेतो, वाचून दाखवतो. त्याच पाच-दहा मिनिटांत पंखांचे फ्लॅप लावायचे, चेकलिस्ट वाचायची, शेवटच्या वजनाचे आकडे आले तर ते भरायचे, केबिन तयार आहे असा निरोप घ्यायचा. म्हणजे फर्स्ट ऑफिसरची मान अर्धा वेळ खाली, आणि बाहेर बघणारे डोळे उरले दोन.

अशा वेळी डोळ्यांपेक्षा मन पुढे धावतं. आपण अमुक धावपट्टीवर जाणार हे मनात ठरलेलं असतं, मग समोर येईल ती तीच वाटते. एक अपघात जरा सविस्तर सांगते, कारण त्यात यातलं सगळं आहे.

२७ ऑगस्ट २००६. अमेरिकेतलं केंटकी राज्य, लेक्सिंग्टनचा ब्लू ग्रास विमानतळ. कॉमएअरचं छोटं जेट अटलांटाला निघालं होतं, पहाटे सहाच्या सुमारास, अजून अंधार. जायचं होतं धावपट्टी २२ वर, लांबी ७,००३ फूट. तिच्या वाटेत आडवी येते धावपट्टी २६. ती ३,५०० फूट, अरुंद, दिवे नसलेली, लहान विमानांसाठी आणि फक्त दिवसा वापरायची. दोन्हींची तोंडं जवळजवळ. त्यात विमानतळावर काम चाललं होतं, टॅक्सीवेची रचना नुकतीच बदललेली, आणि पायलटांच्या हातातल्या नकाशात ती नव्हती. २६ ओलांडून पुढे जायच्या ऐवजी विमान २६ वरच वळलं.

वळल्यावर दोन गोष्टी ओरडून सांगत होत्या. पहिली, दिशा. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य सोडून. पायलटांनी यंत्रावर २२७ अंशांवर खूण लावून ठेवलेली होती आणि विमानाचं नाक होतं २६६ वर. चाळीस अंशांचा फरक, दोघांच्याही डोळ्यांसमोर. दुसरी, दिवे. धावताना फर्स्ट ऑफिसर बोललासुद्धा की दिवे नाहीत, विचित्र आहे. कॅप्टनने हो म्हटलं. आणि विमान धावत राहिलं. का? तर २२ च्या मधल्या रेषेचे दिवे बंद आहेत ही सूचना होतीच. फर्स्ट ऑफिसर आदल्या दोन दिवसांत या विमानतळावर उतरला होता तेव्हाही बरेच दिवे बंद दिसले होते. अंधाराचं कारण मनात आधीच तयार होतं, त्यामुळे अंधार खटकला तरी बोचला नाही. टॉवरमध्ये एकटाच कंट्रोलर होता. उड्डाणाची परवानगी देऊन तो दुसऱ्या कामाकडे वळला. परवानगी देताना धावपट्टीचा आकडा म्हटला गेला नव्हता. धावपट्टी अपुरी पडून विमान कोसळलं, ५० पैकी ४९ माणसं गेली. वाचला तो फर्स्ट ऑफिसर.

टॅक्सी करताना दोघे पायलट कामाव्यतिरिक्त इतर गप्पा मारत होते हेही अहवालात आहे, आणि बातम्यांत तेच जास्त गाजलं. गप्पांची बाजू मी घेत नाही, नियमाने त्या वेळी अवांतर बोलायचं नसतंच. पण नुसत्या गप्पांवर खापर फोडलं की नकाशा, दिवे आणि टॉवर हे तिघे अलगद सुटतात.

तैपेईचा अपघात याचाच मोठा भाऊ. ३१ ऑक्टोबर २०००, रात्री सव्वाअकरा, वादळ घोंघावतंय, सिंगापूर एअरलाइन्सचं ७४७ लॉस एंजेलिसला निघालंय. जायचं ०५ डावीवर. तिच्या शेजारची समांतर ०५ उजवी कामासाठी अर्धवट बंद, मध्ये खोदकामाची यंत्रं आणि सिमेंटचे ठोकळे. ती बंद असल्याची सूचना पायलटांकडे होती. पण वळणावर बंद धावपट्टीकडे नेणारे हिरवे दिवे दाट, लखलखीत, आणि सरळ पुढे बरोबर धावपट्टीकडे नेणारे मोजकेच, लांब लांब, त्यातलाही एक बंद आणि एक मंद. बंद धावपट्टीच्या तोंडाशी साधा अडसरही नव्हता. जमिनीवरचं रडार विमानतळाकडे नव्हतं, आणि त्या पावसात टॉवरला काही दिसणं शक्य नव्हतं. विमानात एक दर्शक होतं, ठरलेल्या धावपट्टीच्या मधल्या रेषेशी विमान जुळलं की उघडणारं. ते उघडलं नाही. कॉकपिटमध्ये त्यावर बोलणं झालं, आणि धावपट्टी समोर दिसतेय म्हणून विषय तिथेच सुटला. विमान त्या यंत्रांवर आदळलं, १७९ पैकी ८३ जण गेले.

तुमच्या विमानाच्या कॅप्टनला त्या रात्री मागे खोळंबलेल्या विमानांच्या शिव्या खाव्या लागल्या असतील. मलाही खाव्या लागल्यात. युरोपातल्या एका विमानतळावर, दाट धुक्यात, पाटीवर दिसणारं अक्षर नकाशात सापडेना. मी ब्रेक लावले आणि गाडी मागितली. मागे तीन विमानं. त्यांतला एक रेडिओवर उसासा टाकतो तो सगळ्यांना ऐकू जातो. कंट्रोलरही चिडला. गाडी आली तेव्हा माझा फर्स्ट ऑफिसर, कोल्हापूरचा पोरगा, मराठीत हळूच म्हणाला, "मॅडम, लाजायचं काय त्यात, वरात पण गाडीमागूनच जाते."

प्रश्न: मोबाइलवर मागवलेली रिक्षा कोणत्या गल्लीत अडकलीय ते मला घरबसल्या दिसतं. शेकडो कोटींच्या विमानात हे का दिसू नये? — श्री. गोखले, निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

दिसतं. नव्या विमानांत चांगलंच दिसतं. ७८७ किंवा ए३८० मध्ये समोरच्या पडद्यावर विमानतळाचा नकाशा आणि त्यावर सरकणारं आपलं विमान असतं. इतर ठिकाणी टॅबलेटवरच्या नकाशात ती सोय मिळते. शिवाय बोलणारी यंत्रणा आहे. टॅक्सीवेवरच वेग ४० नॉटच्या (ताशी सुमारे ७५ किमी) पुढे गेला की ती ओरडते, "ऑन टॅक्सीवे! ऑन टॅक्सीवे!" ज्या विमानांत ती आहे तिथे एक मोठा धोका टळतो. पण सगळ्या विमानांत ती नाही. जुनी विमानं वीस-पंचवीस वर्षं उडत राहतात आणि यंत्रणा बसवायला पैसे लागतात, तुम्ही बँकेतले, तुम्हाला अधिक सांगायला नको.

आपल्याकडे येणाऱ्या विमानाचंच उदाहरण घ्या. ३ ऑगस्ट २०१८, जेट एअरवेजचं ७३७, रियाधहून मुंबईला यायला निघालेलं, रात्रीच्या अंधारात. धावपट्टी समजून टॅक्सीवेवरूनच धाव घेतली. वेग बराच वाढल्यावर लक्षात आलं, ब्रेक लावले, विमान पुढे कच्च्यात जाऊन रुतलं. जवळपास दीडशे माणसं होती, सगळी वाचली. डीजीसीएने, म्हणजे आपल्या हवाई वाहतूक नियामकाने, दोन्ही पायलटांचे परवाने निलंबित केले.

आणि हे फक्त परक्या गावातच होतं असं समजू नका. २०१० हे एकच वर्ष बघा. फेब्रुवारीत केएलएमचं विमान ॲमस्टरडॅमला, म्हणजे स्वतःच्या घरच्या विमानतळावर, टॅक्सीवेवरून उडालं आणि वॉर्सॉला सुखरूप पोचलं. त्याच महिन्यात ऑस्लोहून एरोफ्लोटचं उडालं. नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला फिनएअरचं धावायला लागलं, ते कंट्रोलरने पाहिलं आणि थांबवलं. परका विमानतळ असला की निदान नकाशा पुन्हा पुन्हा बघितला जातो. घरच्या अंगणात कोण बघतो?

रिक्षाच्या नकाशात आणि आमच्यात एक फरक मात्र आहे. रिक्षावाला मोबाइल बघत चालवायला लागला तर तुम्ही त्याला टोकाल, "अहो, समोर बघा." कॉकपिटमध्येही तेच सांगावं लागतं. म्हणून टॅक्सी करताना एकाने नकाशा बघायचा आणि दुसऱ्याने फक्त बाहेर. माझ्या मते सर्वांत भरवशाची गोष्ट पडद्यावर नाहीच, ती डांबरात आहे. धावपट्टीच्या तोंडाशी आडवी लाल दिव्यांची रांग, स्टॉप बार. ती विझल्याशिवाय पुढे जायचं नाही, तोंडी परवानगी मिळालेली असली तरीही. जिथे ती बसवलीय आणि रोज चालू ठेवतात तिथे मला शांत झोप लागते. म्हणजे अर्थात, उड्डाणानंतर, क्रूच्या झोपायच्या बंकमध्ये.

प्रश्न: धावपट्टी बरोबर, पण चुकीच्या जागेवरून विमान उडालं, असं होतं का? आणि आत बसलेल्यांना ते कळतं का? मला विमानाची भीती आहे, तरी खरं सांगा. — एक वाचक, नाशिक

होतं, आणि बहुधा कळत नाही. भीती असूनही विचारलंत म्हणून सरळ सांगते.

लांब धावपट्टीला मध्ये मध्ये टॅक्सीवे येऊन मिळतात. हलकं विमान असेल तर मधूनच आत शिरून उडायला परवानगी असते, इंधन आणि वेळ वाचतो. मात्र त्यासाठी आकडेमोड त्या जागेपासून केलेली हवी. सप्टेंबर २०१५ मध्ये मायामीहून कतार एअरवेजचं ७७७ दोहाला निघालं. आकडेमोड पूर्ण १३,००० फुटांची. कागदावर धावपट्टीच्या नावापुढे 'टी१' अशी खूण होती, ती क्रूने टी१ नावाच्या जोडरस्त्याची समजली आणि तिथूनच आत शिरले. तिथून पुढे धावपट्टी उरली होती साडेआठ हजार फूट. विमान हवेत गेलं, पण पलीकडच्या दिव्यांना घासून. क्रूला पत्ता नाही. तेरा-चौदा तास उडून दोह्याला उतरल्यावर पत्र्याला पडलेली चीर दिसली.

कॉकपिटमध्ये त्या वेळी दोन नव्हे, चार पायलट होते. एकाने शंका काढली की उरलेल्यांपैकी कुणीतरी "बरोबर आहे" म्हणतं, आणि जास्त माणसं असली की ते म्हणणारं कुणीतरी असतंच. म्हणून आता धावपट्टीवर शिरताना दोघांनी पाटी वाचून मोठ्याने म्हणायचं असतं, धावपट्टी अमुक, जागा अमुक, दिशा अमुक. तुम्ही दाराच्या पलीकडे असता म्हणून ऐकू येत नाही, पण रोज म्हटलं जातं. निवांत जा, खिडकीची जागा घ्या.

प्रश्न: मॅडम, मी गोंदियाला उड्डाण शिकतोय. समजा, कॅप्टन चुकीच्या वळणावर वळतोय असं वाटलं, पण मला स्वतःलाच खात्री नाही. नवीन विमानतळ, ते वीस वर्षं सीनियर. तेव्हा बोलायचं का? — एक विद्यार्थी

बोलायचं. खात्री नसतानाच बोलायचं. खात्री होईपर्यंत विमान पुढच्या वळणाला पोचलेलं असतं.

कसं बोलायचं ते सांगते, कारण ते कुणी शिकवत नाही. "सर, मला वाटतं की..." अशी सुरुवात करू नकोस. आकडा म्हण. "सर, हेडिंग २६६, धावपट्टी २२." एवढंच. लेक्सिंग्टनला कुणी हे पाच शब्द उच्चारले असते तर? मत मांडलं की वाद होतो, आकड्याशी वाद घालता येत नाही. आणि वेळच नसेल तर एकच शब्द, "स्टॉप." भला कॅप्टन आधी ब्रेक लावतो आणि मग विचारतो का. न लावणारा भेटला तर त्याच्याबद्दल लिहून द्यायची जागा प्रत्येक कंपनीत असते.

टेनेरीफ बेटावरचा अपघात तुला वर्गात शिकवला असेल, २७ मार्च १९७७, केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन ७४७ धावपट्टीवर धडकली, ५८३ मृत्यू. त्यात धुकं आणि रेडिओ सगळ्यांना आठवतो. मी तुला दुसऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवायला सांगेन. एक, ही दोन्ही विमानं तिथे जाणारच नव्हती. शेजारच्या बेटावर, लास पाल्मासच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून ती लॉस रोदेओस या छोट्या विमानतळावर वळवली गेली, जिथे एवढी मोठी विमानं रोज येत नसत. धावपट्टीवरूनच टॅक्सी करायची वेळ आली. पॅन ॲमला तिसऱ्या वळणाने बाहेर पडायला सांगितलं, पण ते वळण जवळजवळ उलटं मागे फिरणारं, ७४७ ला अवघड. चौथं वळण सोपं. ते तिसरं सोडून चौथ्याकडे निघाले आणि अजून धावपट्टीवरच होते. दुसरी, केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते पॅन ॲमचं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठामपणे हो म्हटलं. इंजिनिअर गप्प बसला. विमान तेव्हा परवानगीशिवाय धावायला लागलेलं होतं. तू ज्या खुर्चीत बसशील तिथला हा प्रश्न आहे, म्हणून सांगितलं.

आणि कंट्रोलरच्या आवाजातल्या खात्रीवरही विसंबू नकोस. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला धुक्यात एक छोटं सेसना जेट आर५ या टॅक्सीवेच्या ऐवजी आर६ वर गेलं. वाटेत पायलटने जमिनीवर रंगवलेली एस४ ही खूण पाहिली आणि रेडिओवर सांगितलीही. ती खूण कुठे आहे हे कंट्रोलरलाच ठाऊक नव्हतं. त्याने पुढे जायला सांगितलं. सेसना धावपट्टीवर शिरलं, समोरून एसएएस कंपनीचं एमडी-८७ हे प्रवासी विमान उडत होतं, दोन्ही धडकली. ११८ जण गेले. तू जे वाचलंस ते समोरच्याला कळलं नाही असं एका क्षणाला जरी वाटलं, तर जागचा हलू नकोस. पुन्हा सांग, पुन्हा विचार.

नव्या विमानतळावर जायच्या आदल्या संध्याकाळी नकाशा कागदावर स्वतः काढ. सगळा नाही. गेटपासून धावपट्टीपर्यंतची वाट, ती कुठे धावपट्ट्या ओलांडते, आणि नकाशावर जिथे 'हॉट स्पॉट' म्हणून गोल केलेला असतो तिथे लाल पेन्सिल. हा गोल कुणीतरी तिथे आधी चुकलंय किंवा चुकायची शक्यता आहे म्हणून काढलेला असतो. काय काम चाललंय, कोणता टॅक्सीवे बंद, हे नोटॅममध्ये, म्हणजे पायलटांसाठीच्या सूचनांत, असतं. नोटॅमची यादी लांबलचक आणि कंटाळवाणी असते, तरी वाच. धावपट्टीचं काम आणि दिव्यांच्या ओळी आधी शोध, गवत कापण्याचं मागाहून. लेहला, मंगळूरुला जायला कॅप्टनला वेगळं प्रशिक्षण लागतं, कारण तिथे डोंगर किंवा दऱ्या आहेत. टॅक्सीवेच्या गुंत्यासाठी असं वेगळं प्रशिक्षण कुणी देत नाही, त्यामुळे ते तुझं तुलाच करायचं आहे.

प्रश्न: लहानपणी वडिलांबरोबर जुहूला एक मोठं परदेशी विमान चुकून उतरलेलं पाहायला गेल्याचं आठवतं. घरात कुणी मानत नाही. — श्री. सामंत, विलेपार्ले

घरच्यांना हा अंक दाखवा. २४ सप्टेंबर १९७२, जपान एअरलाइन्सचं डीसी-८, सांताक्रूझ, म्हणजे मुंबईचा मुख्य विमानतळ, समजून जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरलं आणि तिच्या टोकापलीकडे गेलं. कुणी दगावलं नाही, विमान मात्र निकामी झालं. जुहूची धावपट्टी ०८-२६, सांताक्रूझची ०९-२७, दोन्ही विमानतळ शेजारी शेजारी, दोन्ही समुद्राकडे तोंड करून. त्याआधी १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे जेट विमान असंच जुहूला उतरलं होतं. तुम्ही कोणतं पाहिलंत ते तुमच्या वयावरून ठरेल. त्या दिवशी वडिलांनी फोटो काढला असेल तर कार्यालयाच्या पत्त्यावर प्रत पाठवा, पुढच्या अंकात छापू.